माफी कसली मागतेस?

वैद्यबाई वर्गात पुस्तक आपटायच्या. जुन्या इंग्रजी कादंबरीतली नायिका प्रेम केल्याबद्दल बापाची नाहीतर पाद्र्याची क्षमा मागू लागली, की बाईंचा आवाज चढायचा, पुस्तक टेबलावर आदळायचं आणि सांगलीचं मराठी बाहेर पडायचं, "माफी कसली मागतेस गं?" जयपूरच्या आमच्या कॉलेजात मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच, त्या इंग्रजी शिकवायच्या, मी इतिहास. पण हे एक वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ होतं.

"या नायिकांच्या गाऊनच्या झालरी बघत बसू नकोस," मला म्हणायच्या. "हीच बाई राजा पार्कच्या बाजारात भाजी घेताना भेटेल तुला. डोक्यावर पदर तेवढा जास्तीचा."

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची रेणू वर्गातल्याच एका मुलाबरोबर झालानाच्या जंगलाकडे फिरताना कुणालातरी दिसली. प्राचार्यांनी फर्मान काढलं, सगळ्या स्टाफसमोर माफी माग, तरच परीक्षेचं प्रवेशपत्र मिळेल. मुलाला ते आधीच मिळालं होतं. त्याला कोणी एका शब्दानेही विचारलं नाही! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

रेणू स्टाफरूममध्ये हात जोडून उभी राहिली, वडील मागे. "सर, मैं..." एवढंच ती म्हणाली आणि बाई कडाडल्या, "माफी कसली मागतेस गं?" रेणूने जोडलेले हात खाली घेतले.

पोरीचं वर्ष गेलं. वडिलांनी तिला घरी बसवलं, स्थळं बघायला लागले. बाईंनी तिचं वाटोळं केलं, असं सगळा स्टाफ उघड बोलायचा. बाई रेणूच्या घरी जाऊन ठाण मांडायच्या. "चाय नहीं पीनी. लड़की को पढ़ने भेजिए." शेवटी बापच कंटाळला. जवाहर नगरातल्या बाईंच्या घरी, जेवणाच्या टेबलावर शिकून रेणूने पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा दिली. आता ती स्वतः शिकवते.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. शोकसभेत तेच प्राचार्य हात जोडून म्हणाले, "वैद्यजी स्वभाव की ज़रा तेज़ थीं. किसी को ठेस पहुँची हो तो उनकी ओर से मैं क्षमा माँगता हूँ."

गेलेल्या बाईच्या नावाने माफी! मी संतापून उठणार, तेवढ्यात मागून अडखळत्या मराठीत आवाज आला. रेणू उभी होती.

"माफी कसली मागता, सर?"

तिच्या रांगेतल्या बाईंच्या साऱ्या विद्यार्थिनी उठून उभ्या राहिल्या. प्राचार्यांना मराठी येत नव्हतं, तरी जोडलेले हात त्यांनी मुकाट खाली घेतले.