मांजरीला सांगितलेली गोष्ट

रहीमभाईंचं घर पेटलं होतं, कौलं तडतडत होती, आणि आमचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ नाना, गल्लीत उभे राहून आग किती वाजता लागली ते वहीत लिहीत होते. असा माणूस धुळ्यात दुसरा झाला नाही आणि होऊही नये. मी दारातून ओरडले, "नाना, वही टाका, बादली घ्या!" लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आमच्याकडे भावजय जेठाशी बोलत नाही. मग घर चालायचं कसं? नाना दाराच्या चौकटीला म्हणायचे, "चहा झाला असेल तर बरं." मी मांजरीला म्हणायचे, "मने, दूध नासलंय म्हणून सांग." मांजर पाय चाटत बसायची, निरोप मात्र पोचायचा. एकदा नानांनी चौकटीशी भाजीतल्या मिठावरून तासभर वाद घातला. मी मांजरीला इतकं बोलले की ती दोन दिवस घरी आली नाही.

पुढच्या खोलीत नानांचा छापखाना. रोज संध्याकाळी चार पानांचा पेपर निघायचा. समोर राहणारे रहीमभाई अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे आणि मी आत बसून अंकांच्या घड्या घालायचे. चौथीपर्यंत शिकलेय, त्यामुळे घडी घालता घालता पेपर वाचून व्हायचा. वाचण्यासारखं फार नसायचंच. स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय नाना ओळ छापत नसत. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या निधनाची चिठ्ठी आली, तर हे सायकल हाणत देवपुरात खात्री करायला गेले. दार मास्तरांनीच उघडलं, वर पोहे खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ आली, मास्तरांची प्रकृती उत्तम आहे. ती वाचून निम्मं गाव मास्तरांना झालं तरी काय होतं ते बघायला गेलं.

मोर्चा असला तर किती माणसं, कुठून निघाली, कुठे पांगली, एवढंच छापायचं. घोषणा नाही. "ओरडणाऱ्याला तेच पाहिजे असतं," असं ते रहीमभाईंना सांगायचे. लोक हसायचे, नानांच्या पेपरात मोर्चासुद्धा मुका असतो म्हणायचे.

त्या वर्षी काही मंडळींनी मिरवणूक मुद्दाम मशिदीसमोर थांबवली, ढोल बडवले आणि एक घाणेरडी घोषणा दिली. त्यांचा पुढारी ती कागदावर लिहूनच छापखान्यात आला. "छापाले काय लाज वाटस, नाना? तुम्हीन नही छापं तं जयगावना पेपर छापतीन."

नानांनी त्याला हाकललं, पण कागद ठेवून घेतला. दोन दिवस खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग रहीमभाईंना म्हणाले, "झाकणं हेसुद्धा खोटंच. काय बोलले ते गावाला वाचू दे. वाचून लाज वाटेल." वर घोषणा जशीच्या तशी, खाली त्यांनी स्वतः लिहिलेला निषेध.

रहीमभाईंनी हातातले खिळे खाली ठेवले. "नाना, इतकी वर्षं तुमचं सगळं जुळवलं. एवढी ओळ तुम्ही जुळवा."

नानांनी ती जुळवली.

मी दाराआडून म्हणाले, "मने, ढोलांच्या आवाजात मशिदीत कुणाला काही ऐकूच गेलं नाही. हमीदाच सांगत होती." हमीदा म्हणजे रहीमभाईंची बायको. "आता छापलं तर सगळे ऐकतील."

नाना चौकटीला म्हणाले, "मांजरीला पेपरातलं कळत नाही."

पदर सारून पुढच्या खोलीत जायला चार पावलं लागली असती. गेले नाही. त्या अंकांच्या घड्याही मीच घातल्या.

लाज कुणालाच वाटली नाही. वरचा भाग कापून पानाच्या टपरीवर चिकटवला गेला. खालचा निषेध कापणाऱ्यानेही वाचला नसेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिकडून दगड आले आणि इकडून रॉकेल गेलं.

मी ओरडले तेव्हा नानांनी वही टाकली. बादल्या ओतल्या, हमीदाला हाताला धरून बाहेर ओढलं, मिशा जळाल्या. रहीमभाई म्हाताऱ्या आईला आणायला परत आत शिरले.

त्यानंतर नानांनी एकच अंक काढला. त्यात एकच बातमी होती, घोषणा कोणत्या छापखान्यात छापली गेली आणि ती ओळ कुणी जुळवली. खाली स्वतःचं नाव. जळगावच्या पेपरांनी ती बातमी घेतली नाही. तिच्यात घोषणा नव्हती.

मशीन विकलं. पुढे बरीच वर्षं नाना दुपारी चौकटीला टेकून बसायचे आणि तिलाच म्हणायचे, "चहा झाला असेल तर बरं." आता मला सरळ बोलता आलं असतं. एकदा बोललेच होते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तोंडावरचा पदर सारला नाही. मांजर केव्हाच मेली होती. तरी मी म्हणायचे, "मने, झालाय चहा. गरम आहे, सांभाळून घ्या म्हणावं."

समोरच्या घरातली एकटी हमीदा वाचली.