डोक्यावरची रेघ

सीवूड्सच्या बागेत रोज संध्याकाळी ती बाई भेटते. नाव मी विचारलं नाही, मुद्दामच. माझ्याच वयाची, पण साडीखाली बूट आणि हातात काठी. काठी टेकायला नाही हो, मातीत लिहायला!

माझ्या नातीला शाळेत रोमन आकडे शिकवतात. पाच हजार लिहायचे म्हणून ती मातीत एकापुढे एक पाच एम काढत होती. बाई म्हणाली, "कशाला गं एवढं? नुसता व्ही काढ, वर आडवी रेघ मार. डोक्यावर पदर घेतला की मान हजारपट!" नात टाळ्या पिटत हसली. माझ्या गोष्टींना अशी कधी हसली नाही बघा. मी नुसती जळले.

दुसऱ्या दिवशी नात झोपाळ्यावर होती, तेव्हा मी बाईलाच हळूच विचारलं, "दहा हजार कसे हो लिहायचे?" तिनं सांगितलं आणि काठीच माझ्या हातात दिली. मी एक्स काढला, वर रेघ ओढली.

नात धावत आली. "आजी, हे या आजींनी शिकवलं ना तुला?"

"छे गं," बाई बुटानं माती सारखी करत म्हणाली, "तुझ्या आजीला आधीच येत होतं."

आकडे काय, शिकून येतात. पण माझ्यासाठी ती इतकं सहज खोटं बोलली, त्यावर मी आणखीच जळले.