पाइपावरचा तळहात

"ताई, मधी देव घालू नका," एवढं बजावूनच मामा समोरच्या खुर्चीत बसायचे. पत्रिका टाइप करायच्या सवयीनं मी एकदा त्यांच्या लिखाणाच्या पहिल्या पानावर 'श्री गणेशाय नमः' टाकलं होतं, तेव्हापासूनचं हे बजावणं.

शिरूरला स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. मामा, सगळे त्यांना मामाच म्हणत, इनामगावच्या पाणीपुरवठ्यावर पंपाची मोटार चालवून रिटायर झालेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, बोलायला कमी आणि लिहायला बसली की न थांबणारी. पिशवीतून त्यांनी फुलस्केप वह्या काढल्या, तर आत कादंबरी. माणसं दुसऱ्या ग्रहावर राहायला गेलीत आणि तिथं त्यांचा एक नवाच धर्म निघालाय. रोज सकाळी पाण्याच्या पाइपावर तळहात ठेवायचा आणि आतली थरथर लागेपर्यंत गप्प उभं राहायचं. बस्स, एवढाच धर्म.

मला हसू आलं. हे सुचलं कुठून, असं विचारलं तर मामांनी आधी चष्मा पुसला. मग सांगितलं. त्यांच्या बायकोला, मामींना, ऐकू येत नसे. नदीवर मोटार चालू करताना मामांना एकदा शॉक बसला, तेव्हापासून मामींनी धास्ती घेतली. मामा पहाटे गेले की त्या दारातल्या पाइपाला हात लावून उभ्या राहायच्या. पाइप थरथरला, म्हणजे माणूस ठीक आहे. मगच चहा ठेवायच्या.

मामी गेल्यावर त्यांनी लिहायला घेतलं होतं.

धर्म म्हटला की एखादी देवी तरी हवी, असं मी सुचवून पाहिलं.

"आमच्या गावात जुनी वस्ती खोदताना मातीची बाई सापडली," मामा म्हणाले. "सायेब लोक म्हणले, देवी हाय. आसंल. पर आधी कुणाची तरी बायकू आसंल की."

शेवटच्या प्रकरणात धर्म सुरू करणाऱ्या बाईला त्यांनी मामींचंच नाव दिलं. आठवड्यानं अंगात ताप असताना एस.टी.नं आले आणि ते नाव काढा म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या की.

"न्हाई ताई. पुस्तकात लोक तिच्या पाया पडत्यात. तिला न्हाई आवडायचं. लाजायची."

मी जागोजागी नाव काढून 'ती' घातलं. मामा शेजारी बसून एकेक 'ती' बोटानं तपासत होते.

पुस्तक छापून आलं तेव्हा मामा नव्हते. गठ्ठे न्यायला त्यांची मुलगी आली. मी शेवटचं प्रकरण काढून दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं.

"ही आई हाय नव्हं?"

मी मान डोलावली. तिनं पुस्तक मिटलं नाही. तसंच छातीशी धरून दुकानातल्या बाकावर बसली, आणि समोर स्टँडवर इनामगावची गाडी लागली तरी उठली नाही.