चांगला डोळा

आमचे मेहुणे निशिकांतराव दहावीला बोर्डात आलेले. सिंगापूरच्या बिशान भागातल्या त्यांच्या इमारतीत हे माहीत नसलेला माणूस नसेल. परीक्षा म्हटली की त्यांच्या अंगात यायचं, आणि त्यानेच घात केला.

२०१६ साली त्यांच्या डोळ्यांचा पडदा पार गेला. नळीतून पाहावं तसं दिसायचं, तेही धूसर. हॉकर सेंटरमध्ये आपला ट्रे दुसऱ्याच्या जेवणावर ठेवायचे. स्क्रीन दिसेना, तेव्हा ऑफिसने गोड बोलून नारळ दिला. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, सिंगापूरही सुटणार. आता पुण्यात घर चालणार होतं ते फक्त विम्याच्या पैशांवर.

पण विम्यासाठी नुसतं आंधळं होऊन भागत नाही, कायदेशीर आंधळं व्हावं लागतं. पॉलिसीतली व्याख्या अशी, की धडधाकट माणसाला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर तुमच्या त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याला, चष्मा लावून, तीन मीटरवरूनही दिसता कामा नये. माणूस जिन्यावरून पडतो का, हे कोणी विचारत नाही. ज्याने ही व्याख्या लिहिली त्याला एकदा डोळे बांधून एमआरटी मेट्रोत सोडावं, असं मला आजही वाटतं.

विम्याच्या डॉक्टरांकडे डोळे तपासायचे होते त्या दिवशी माझी बहीण साधना त्यांना सकाळपासून बजावत होती, "खोटं बोलू नका, पण नाही दिसलं तर नाही म्हणा. उगाच अंदाजाने ठोकू नका."

"मला कळत नाही का?" ते खेकसले.

ते तपासणीला आत गेले. आम्ही दोघं बाहेर बसलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. निशिकांतराव भिंत चाचपत, हसत आले आणि साधनाच्या शेजारी बसलेल्या चिनी आजींसमोर वाकले.

"अगं, दोन ओळी वाचून काढल्या! वरचं मोठं अक्षर मान वाकडी करून करून शेवटी सापडलं. खालच्या ओळीला अंदाजच केला, तोही बरोबर निघाला. डॉक्टर व्हेरी गुड म्हणाले!"

आजी घाबरून उठल्या. साधनाने कपाळावर हात मारला आणि तिला रडूच फुटलं. त्या आवाजाकडे वळताना निशिकांतरावांचं हसू मावळलं.

"साधना? नापास झालो का गं?"

"नाही हो," ती म्हणाली, "पास झालात."