सेलूचे पर-युनिट सर

कुणी काहीही कमीजास्त म्हटलं की सर आधी विचारायचे, "कशाच्या मानानं?" ऊन लय हाय म्हटलं तरी हेच, नवरी उंच आहे म्हटलं तरी हेच. परभणीला डिप्लोमाला असताना ते आम्हाला विद्युत यंत्रे शिकवायचे. सेलूहून रोज रेल्वेने येत. पाठीमागे आम्ही त्यांना पर-युनिट सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

पर-युनिट म्हणजे यंत्राचं प्रत्येक मूल्य त्याच्या स्वतःच्या क्षमतेच्या पटीत मांडायचं. मग गिरणीतला जनरेटर असो की वीजकेंद्रातला, आकडे बरेचसे एकाच घरातले दिसतात. "मोठ्या मशीनला भ्यायचं न्हाई, लहानीला हसायचं न्हाई," सर म्हणायचे. पेपर वाटतानाही तसंच. काठावर पास झालेल्या पोराची पाठ थोपटायचे, कारण मागच्या खेपेला तो गटांगळ्या खात होता.

एकदा मी फळ्यावर जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मरचे पर-युनिट आकडे सरळ मिळवून टाकले. दोघांची क्षमता वेगळी होती.

"वालूरकर, तुमची अर्धी जमीन पेरून झाली. शेजारच्या पाटलाची बी अर्धी झाली. दोन अर्ध्या मिळून एक झाली का?"

"न्हाई सर. त्यांची चाळीस एकर हाय, आमची चार."

"मग आधी दोघांना एका बेसवर, एकाच मापावर आणा, आन् मग मिळवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, याची अर्धी तर पाटलाच्या बांधातच गेली." सगळ्यांत जास्त सरच हसले.

अशा माणसाचा मी विद्यार्थी. माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्याचे विषय राहिले, तेव्हा मी फोनवर त्याला मित्राच्या मुलाचे मार्क ऐकवत राहिलो. दिवाळीला तो वालूरला घरी आला तो परत गेलाच नाही. माझ्याशी बोलणंही त्याने सोडलं. एका घरात राहून ताट सरकवण्यापुरताही आवाज नाही.

शेवटी मी सेलूला सरांकडे गेलो. सर खाटेवर होते, दम लागत होता.

"सर, पोराशी तुम्ही बोला. तो माझं ऐकत न्हाई."

"तुमी त्याचं कवा ऐकलं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. सरांनी पुढे काही विचारलं नाही. कपाशीच्या भावावर बोलत राहिले, आणि मला ते रागावले असते तर बरं, असं वाटत राहिलं.

पंधरवड्यात सर गेल्याचा फोन आला. मी ओसरीवर चप्पल शोधत होतो. मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं, मोटारसायकल बाहेर काढली आणि म्हणाला, "बसा."

गाव मागे पडलं. मग वळून न बघताच त्याने विचारलं, "कसे होते ते?"

मी सांगायला लागलो. वाऱ्यात त्याला नीट ऐकू येईना, तेव्हा त्याने गाडी हळू केली.