ठमीचा आवाज

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. मुलाखतींत तर नाहीच — तिथे मी हसून विषय बदलते. विनोदी लिहिणाऱ्या बाईनं हसून विषय बदलला तर शंका कोणाला येणार?

तुम्ही अमरावती-अकोल्याकडचे असाल तर रेडिओवर ‘ठमी’ ऐकली असेल. परग्रहावरून निघालेलं एक यान बिघडतं आणि अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठावर येऊन आदळतं. कप्तान मोठा शिस्तीचा. यान मात्र काठावरच्या बायकांकडून मराठी शिकलेलं — तोंडाळ, मायाळू, कोणाच्या बापाला न भिणारं. त्या यानाचं नाव ठमी. लेखिका मी. अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्ट्यांत हे असलं लिहायचे.

पण ठमी अशी बोलेल हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या कागदावर ती बातम्या दिल्यासारखी बोलायची. आवाज देणाऱ्या बाईंचा ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा बसला, म्हणून भाजीवालीच्या बारक्या भूमिकेसाठी आलेल्या रत्नाला उभं केलं. रत्ना बडनेऱ्याची, रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरीला. कप्तान गरजला, “प्रकाशाच्या वेगानं निघ!” माझं वाक्य होतं, “आज्ञा, कप्तान. परंतु ऊर्जा अपुरी आहे.” रत्नानं कागदाकडे पाहिलं, मग कप्तानाकडे, आणि म्हणाली, “काहून? कोनतं लगन गाठाचं हाय तुले?”

रेकॉर्डिंग थांबवावं लागलं, इतके सगळे हसले. मीही हसले — आणि ते हसणं खरं होतं, एवढं तरी माझं ऐका. त्या दिवसानंतर मी ठमी रत्नाच्या जिभेसाठी लिहू लागले. मी कागदावर आणायचे, ती तोंडात घोळवायची, आणि वाक्य कुठच्या कुठे जायचं.

काय दिवस होते ते! बसमधून उतरायची ती डबा घेऊनच. सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, माझ्या हातात ठेवून विचारायची, “आज कोन्त्या ग्रहावर नेऊन राहिली मले?” माझी आई आजारी होती तेव्हा ड्युटी संपली की थेट दवाखान्यात यायची. आई गोळ्या घ्यायची नाही. रत्ना ठमीच्या आवाजात दटावायची, आणि आई कप्तानासारखी निमूट गिळायची. जाण्याआधीच्या त्या दिवसांत आई हसली ती रत्नामुळे. असं माणूस होतं ते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

मग मी असं का केलं?

लोक तिला आवाजावरून ओळखायचे. तिकीट खिडकीवर कोणी म्हणायचं, “ठमीताई, एक अकोला द्या.” बाजारात ती भाव करू लागली की आजूबाजूचे गोळा व्हायचे, तिच्याकडून ते लगनाचं वाक्य वदवून घ्यायचे. मी बाजूला, हातात दोघींच्या पिशव्या. एकदा एका बांगडीवाल्यानं मला विचारलं, “तुमी कोन, ठमीच्या बहीन काय?” रत्ना म्हणाली, “अरे, हे तं ठमीची माय होय! हिनंच जलम देल्ला मले.” सगळे हसले. मी पण. घरी येऊन मात्र किती तरी वेळ स्वयंपाकाला हात लावला नाही. माझी ठमी, आणि मी कोण? — ठमीची बहीण?

त्यानंतर मुंबईच्या एका वाहिनीचा निर्माता आला. ‘ठमी’ टीव्हीवर आणायची म्हणाला. सगळे भाग ऐकले होते त्यानं. भला माणूस. पहिलंच वाक्य त्याचं — “यानाचा आवाज याच बाईंचा हवा. त्यांना घेऊन या.”

सांगते. थांबा, सांगते —

मी म्हणाले, “ती येणार नाही. रेल्वेची नोकरी, घरचा व्याप. मी विचारलं होतं तिला. तिला रस नाही.”

विचारलं नव्हतं. तिच्या कानावरसुद्धा घातलं नव्हतं.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ — पण नाही. रत्नाला काहीतरी सांगायला हवंच होतं. मी बडनेऱ्याला तिच्या घरी गेले, तिनं केलेला चहा प्यायले आणि म्हणाले, “त्यांना तुझा आवाज गावठी वाटला गं.”

तो शब्द त्यांचा नव्हता. माझा होता. वाटेत बसमध्ये निवडला होता मी तो.

रत्नानं माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जाऊ दे व माय. तुयं नाव तं येऊन राहिलं ना टीव्हीवर? मंग झालं.”

मालिका आली. पुण्याच्या एका नटीनं रत्नाची रेकॉर्डिंगं ऐकून ऐकून ठमी उचलली — ती रेकॉर्डिंगं तिला मीच दिली. ‘कोनतं लगन’ घराघरात गेलं. कसं सुचलं, असं मला विचारायचे. मी म्हणायचे, “सुचलं.” आणि रत्ना दर भागाला शेजारणी गोळा करून टीव्ही लावायची, संपला की मला फोन करायची, कुठे कोण किती हसलं ते सांगायची.

रेडिओवर ठमी सुरूच होती. पुढच्या रेकॉर्डिंगला रत्ना माइकसमोर उभी राहिली आणि शुद्ध बोलू लागली. “मला वाटतं, कप्तान...” जपून, एकेक शब्द तपासत. कोणी हसलं नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मला म्हणाली, “आता तोंड उघडलं का तो शबद आठवते.” थोड्याच दिवसांत तिनं रेडिओ सोडला. मी काचेपलीकडे बसून होते. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तिचा आवाज परत आला असता. नाही बोलले.

टीव्हीवरची मालिकाही पुढे बंद पडली. मला आणखी कामं मिळाली, अजून मिळतात. लोक मला ‘ठमीच्या लेखिका’ म्हणतात. हवं होतं ते मिळालं.

गेल्या महिन्यात रत्नाच्या मुलाचं लग्न झालं. मला लग्नाला जमलं नाही, म्हणून नंतर तिनं घरी बोलावलं. दह्यातला गिला वडा केला होता. नवी सून अकोल्याची, लहानपणी ठमी ऐकत वाढलेली. वाढता वाढता तिनं विचारलं, “आई, टीव्हीवर तुमचा आवाज काहून नव्हता?”

मी ताटलीतला वडा मोडू लागले.

रत्ना म्हणाली, “त्या मुंबईच्या लोकाइले नाई पटला. पन हे लय भांडली बापा त्याइच्यासंग माह्यासाठी. हिनं मले कदी सांगतलं नाई, पन मले मालूम हाय. पाया पड तिच्या.”

सून वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखी राहा.”