तबकाचे भोक

बोन्साय शिकू पाहणारी मंडळी प्रथम तारेविषयी विचारतात, मग कात्रीविषयी. मी सांगतो, आधी तबक उलटे धरा. तळाच्या भोकातून आभाळ दिसले, तरच त्यात माती घाला. यामागची हकिकत आमच्या गल्लीत आजही निराळी सांगतात. ती मला मान्य नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावात मेहरूण तलावाच्या भिंतीतून उपटलेले वडाचे रोप मी एका उथळ तबकात लावले होते. तबक सिमेंटचे, मीच ओतलेले. खिडकीवर ओघळ नकोत म्हणून त्याला भोक ठेवले नव्हते. "ताटात झाड वाढलंय, पंगतीला कोण बसणार?" असे पत्नीने विचारले होते. मी चमच्याने पाणी देत असे, म्हणून निभावले.

त्या वर्षी रस्त्यासाठी गल्लीतला थोरला वड तोडला. वटपौर्णिमेला बायका दारी आल्या, म्हणाल्या, भाऊ, तुमचा वड बाहेर ठेवा. मी फुगलो. अंगणात स्टुलावर तबक मांडले. प्रत्येकीने सूत गुंडाळले, तांब्याभर पाणी घातले. सर्वांत शेवटी समोरच्या घरातली अक्का आली. तिचे यजमान धुळ्याच्या दवाखान्यात अत्यवस्थ होते.

पुढे झड लागली. पाने पिवळी पडून गळाली. गल्लीने निदान केले: अक्काच्या हातचे पाणी वडाला बाधले. तिच्यासमोर कुंकवाचा करंडा धरायलाही बायका कचरू लागल्या.

मी रोप उपसले. मुळे काळी पडून कुजली होती. बुडाचे ते अखंड सिमेंट मला बघवेना. तबक मी ओट्यावर आपटून फोडले. त्यानंतर गल्लीत जाऊन सांगितले की भोक नव्हते, दोष माझा. परंतु ठिकऱ्यांत भोक असल्या-नसल्याचा पुरावा कोण शोधणार? लोक म्हणाले, भाऊंचे मन मोठे, परक्या बाईसाठी आळ अंगावर घेतला. हेच ते औदार्य, जे आजही माझ्या नावावर खपवले जाते. मी ते तेव्हाही नाकारले, आजही नाकारतो. मी उदार नव्हतो. अडाणी होतो, आणि ऐन वेळी पुरावा फोडणारा होतो.

अक्कालाही पटले नाही. ती हलकेच म्हणाली, "भाऊ, मन्हाकरता कसाले खोटं बोलनात?"

तिचे यजमान बरे होऊन परतले. पुढल्या वर्षी मी नवा वड लावला. तबकाला दोन बोटे जातील एवढे भोक ठेवले आणि पूजेआधी ते झाडासकट उचलून बूड सर्वांना दाखवले. बायका हसल्या. अक्का आली, तिने सूत गुंडाळले, नमस्कार केला. मी स्वतः तांब्या पुढे केला. तिने तो माझ्या हातून घेतला, शेजारणीच्या हाती दिला आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली.